पंक्चरवाल्या नानांची टमाट्याची पाई

सोनगीरचे अभिमन नाना एसटीच्या डेपोत टायरच्या खात्यात लागले तेव्हा त्यांना नुकती मिशी फुटत होती, आणि निवृत्त झाले तेव्हा त्याच मिशीत काळा केस शोधावा लागत होता. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकच काम केलं. भोकं बुजवली. खिळ्याचं असो, काचेचं असो, रस्त्यावरच्या गिट्टीचं असो, नाना ट्यूब पाण्यात बुडवायचे, बुडबुडा कुठून निघतो ते डोळे बारीक करून बघायचे आणि असं ठिगळ मारायचे की ट्यूब दुसरीकडे कुठेही फाटेल, तिथे म्हणून नाही. नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला सांगायचे, बिनधास्त पळव गाडी, खाली नानांचा हात फिरलाय.

एवढा नावाजलेला माणूस घरी मात्र कायम नापास. कारण घरी तपासणीस होत्या लताबाई.

लताबाई म्हणजे नानांची बायको. अंगाने काडी, आवाजाने भोंगा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा नोकरीला लागून नाशिकला गेला, पण नवऱ्याच्या एकाही कामाला 'चांगलं झालं' हे दोन शब्द या बाईच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत. काम बरं जमलं तर त्या म्हणायच्या, "चाली जाई." म्हणजे चालून जाईल, घ्या भागवून. आणि काम बिघडलं तर पदर खोचून दारात यायच्या, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवायच्या आणि नवऱ्याकडे बोट करून जाहीर करायच्या, "हाई यासनं काम शे!" हे ह्यांचं काम आहे, माझा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे गावाला कळलंच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष.

तशी संधी त्यांना वारंवार मिळायची, हेही खरं. नानांना हौस दांडगी. त्यांनी मधमाश्या पाळल्या, तर मध काही निघाला नाही, पण शेजारच्या बारशाला आलेले पाहुणे मात्र न जेवताच किल्ल्याच्या दिशेने पळाले. त्यांनी पलंगाखाली अळंबी लावली, तर घरात असा वास सुटला की मांजराने घर बदललं. कुणाची तरी जुनी बाजाची पेटी आणली. तिच्या भात्याला भोक होतं. नानांनी ते बुजवलं आणि त्या भरात भात्याला असतील नसतील ती सगळी भोकं बुजवून टाकली. पेटी त्यानंतर पुन्हा बोलली नाही. प्रत्येक वेळी लताबाई दारात, बोट नानांकडे, आणि तेच वाक्य.

नाना वरून हसायचे, पण त्यांना फार लागायचं ते. डेपोतल्या साहेबांनी पाठ थोपटली, तालुक्यात नाव झालं, या सगळ्यावर पाणी सोडायला ते तयार होते. लताबाईंनी एकदा, फक्त एकदा, त्यांनी केलेलं काहीतरी चाखून, बघून, हातात घेऊन 'चांगलं झालं' म्हणावं, बस्स. त्याशिवाय आपल्याला सुखाने मरणसुद्धा यायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

निवृत्तीनंतर नानांनी टमाटे लावले. घरामागच्या वाडग्यात, म्हणजे परसात, त्यांनी फाटके टायर मांडले, त्यांत माती-शेणखत भरलं आणि एकेका टायरात एकेक रोप. आता माणसाचं नशीब कधी कुठे उघडेल सांगता येत नाही. ज्यांचा मध निघाला नाही, अळंबी निघाली नाही, पेटीतून सूर निघाला नाही, त्या नानांच्या टायरांतून टमाटे असे निघाले की काठ्या वाकल्या. लालबुंद, पातळ सालीचे, चावला तर कोपरापर्यंत ओघळ यावा असे.

पहिली टोपली बघून लताबाई म्हणाल्या, "चाली जाई." नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण झाडांना थांबायचं कुठे ते कळेना. टमाट्याची चटणी झाली, टमाट्याचं सार झालं, शेवभाजीत टमाटे, वरणात टमाटे, पोह्यांत टमाटे. शेजारीपाजारी वाटून झाले. पुढेपुढे नाना पिशवी घेऊन येताना दिसले की गल्लीतली दारं लागायला लागली. मग नाना स्टँडवर जाऊन ओळखीच्या ड्रायव्हरांना खिडकीतून पिशव्या द्यायला लागले. थोड्याच दिवसांत काही गाड्या सोनगीरच्या थांब्यावर नुसत्या हळू होऊन पुढे जायला लागल्या. शेवटी एका सकाळी चहाच्या पातेल्याशेजारी टोपली बघून लताबाईंचा तोल गेला.

"आते या घरमा एक जरी टमाटा उना ना, ते मी चालनी शिरपूरले, भाऊना घर!"

हा दम पोकळ नव्हता. लताबाईंनी खरोखर पिशवी काढून खुंटीला लावून ठेवली. टमाट्याला स्वयंपाकघराची बंदी झाली.

नाना वाडग्यात टायरावर बसून राहिले. डेपोबाहेर आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जमली होती आणि तीच घराबाहेर काढली गेली होती. मन रमवायला त्यांनी मोबाइल काढला आणि 'टमाटा' असं बोलून शोधलं. काय काय आलं. त्यात एक गोरा म्हातारा होता, नानांच्याच वयाचा, टोपीवाला. तो आपल्या बागेतले टमाटे तोडत होता. मग त्याने पीठ मळलं, त्याची पारी एका ताटलीत अंथरली, आत टमाटे भरले, वरून दुसऱ्या पारीचं झाकण घातलं, कडा चिमटीने बंद केल्या आणि भट्टीत टाकलं. त्याला तो पाई म्हणत होता. इथवर ठीक. पण पुढे त्याची म्हातारी आली. तिने सुरीने एक तुकडा कापला, तोंडात घातला, डोळे मिटले आणि "म्म्म" असा आवाज काढून म्हाताऱ्याच्या गालाला हात लावला.

नानांनी ते पुन्हा बघितलं. मग नुसता म्हातारीचा भाग पुन्हापुन्हा बघितला. गालाला हात वगैरे राहू दे, सोनगीरला ते शोभणारही नाही, पण तो "म्म्म" मात्र त्यांना हवा होता.

घरात भट्टी नाही आणि चुलीपाशी टमाटा न्यायची सोय नाही. पण गावात इसाकभाईंची बेकरी होती. सोनगीरच्या बायका दिवाळीत रवा, तूप, साखर घेऊन इसाकभाईंकडे नानकटाई भाजायला नेतात. कुणाकडे वरणबट्टीची मोठी पंगत असली की बट्ट्याही, म्हणजे वरणात कुस्करून खायचे कणकेचे गोळे, तिथेच भाजून येतात, कारण घरी गोवऱ्यांवर भाजायच्या म्हणजे धुराने डोळे जातात. आपलं सामान आपण न्यायचं, भट्टी इसाकभाईंची. मग नाना एका दुपारी टमाट्यांची पिशवी, मैदा, तुपाचा डबा आणि लताबाईंची पितळी थाळी उपरण्याखाली लपवून बेकरीत हजर झाले.

इसाकभाईंनी टोस्टच्या लाद्या मोजता मोजता मान वर केली. "नाना, काय शे? नानकटाई का बट्टी?"

"पाई."

"म्हंजे?"

"बाहेर रोटी, आतमा भाजी, वर झाकण."

"ते मंग डबा म्हना ना!" इसाकभाई म्हणाले आणि कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं.

नाना कामाला लागले. गोऱ्या म्हाताऱ्याने पिठात गार लोणी चुरलं होतं, नानांनी गार तूप चुरलं. टमाटे त्यांनी भरताच्या वांग्यासारखे कपाशीच्या काड्यांवर भाजून आणले होते, त्यांत लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि दाण्याचा कूट घातला. टमाट्याला पाणी फार सुटतं म्हणून तळाला मूठभर शेव पसरली. हे त्यांचं स्वतःचं डोकं, त्या म्हाताऱ्याच्या बापालाही सुचलं नसतं. मग झाकण घातलं. आणि इथे नानांचा हात ओळखीच्या कामावर आला. कडेला पाण्याचं बोट फिरवलं, दाबलं, दुमडलं, परत दाबलं. कुठे बारीक फट दिसली तिथे पिठाचं ठिगळ मारलं. थाळी कानापाशी नेऊन ऐकलंही.

मोबाइलमध्ये म्हाताऱ्याने झाकणाच्या मधोमध सुरीने भोक पाडलं होतं. ते बघून नाना मनात हसले होते. बिचाऱ्याला बंद करता येत नसेल नीट.

पाई भट्टीत गेली. वास सुटला. इसाकभाईंचे कामगार नाक वर करून उभे राहिले. आणि मग भट्टीत असा आवाज झाला की बाहेर बिस्किटं घेणाऱ्या बाईने बिस्किटं टाकली आणि रस्त्यावरचा ट्रकवाला खाली उतरून आपली चाकं बघायला लागला.

नानांनी इतकं पक्कं बंद केलं होतं की आतल्या वाफेला जायला जागाच उरली नव्हती. झाकण भट्टीच्या छताला चिकटलं होतं, आणि टमाटा शेजारच्या टोस्टच्या सगळ्या लाद्यांवर समान वाटला गेला होता. नाना मान खाली घालून उभे राहिले. आता इसाकभाईही दारात जाऊन ओरडतील की हे ह्यांचं काम आहे, या अपेक्षेने त्यांनी डोळेच मिटले.

पण इसाकभाई लाल झालेला टोस्ट चावून बघत होते. "चव चांगली शे, नाना," ते म्हणाले. "भोक पाडा वर. वाफ जाई."

"मी? भोक?"

"तुम्हीच."

त्या दिवशीचा टोस्ट इसाकभाईंनी मसाला टोस्ट म्हणून विकला, आणि लोक अजून येऊन विचारतात की तो पुन्हा कधी करणार. नाना मात्र घरी आल्यावर जेवले नाहीत. आयुष्यभर ज्या हातांनी भोकं बुजवली त्या हातांनी जाणूनबुजून भोक पाडायचं म्हणजे मनाला पटवायला वेळ लागतो. शिवाय पितळी थाळीला पोचा आला होता, ती लपवायची कुठे हाही प्रश्न होताच. ती त्यांनी शेवटी टायरात पुरली आणि वर टमाट्याचं रोप लावलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बेत बदलला. मोठी थाळी नको. लताबाईंच्या मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या घ्यायच्या, प्रत्येकीत छोटी पाई. फुटली तर एकच फुटेल. रविवारी लताबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या की वाट्या हलवायच्या, त्या परत येईपर्यंत भाजून आणायच्या, ओट्यावर मांडायच्या, शेजारी ताटली आणि सुरी, आणि त्या आल्या की नुसतं म्हणायचं, "खाई देखा."

सगळं बेताप्रमाणे झालं. टेबलावर वाट्या मांडल्या, पाऱ्या घातल्या, टमाटे भरले, झाकणं लावली. मग इसाकभाईंनी नवीन खिळा दिला. नानांनी तो हातात घेतला, एकदा वर बघितलं आणि पहिल्या झाकणात टोचला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. पुढची भोकं मात्र त्यांनी पटापट पाडली, एवढंही वाईट नव्हतं ते.

भट्टीतून वाट्या निघाल्या आणि उलट्या करून आतल्या पाई काढल्या तेव्हा कामगार हातातलं काम टाकून बघायला आले. गोल, खरपूस, तुपाने चकाकणाऱ्या, वर एक नेटकं भोक. नानांनी त्या परातीत ठेवल्या, उपरणं झाकलं आणि रस्त्याने असे चालत आले की कुणाला धक्का लागू नये म्हणून सायकलवाल्यांनाही थांबवत होते.

घरी कुणी नव्हतं. परात ओट्यावर ठेवली. अंग घामाने आणि काजळीने भरलं होतं. मोबाइलमधल्या म्हाताऱ्याने पाई थोडी निवू दिली होती. तेवढ्यात अंघोळ उरकावी म्हणून नाना वाडग्यातल्या न्हाणीघरात शिरले.

आणि त्याच वेळी दारात बेबाबाई उतरल्या.

बेबाबाई म्हणजे लताबाईंची थोरली बहीण, धुळ्याची. बरोबर त्यांचे मालक चुडामण भाऊ. कुणाच्या तरी लग्नाहून परतताना, बहीण वाटेवरच आहे तर जेवूनच जाऊ, असं ठरवून आलेले. बैठकीहून परतणाऱ्या लताबाई त्यांना फाटकातच भेटल्या आणि तोंडभर हसल्या, पण मनातून धास्तावल्या. कारण बेबाबाईंची वरणबट्टी सगळ्या भाऊबंदांत नावाजलेली. लताबाईंकडे जेवल्यावर त्या दर वेळी हात धुता धुता प्रेमाने सांगायच्या, "बट्टी जराशी कडक व्हयनी, लता." लताबाई ते वाक्य वर्षानुवर्षं गिळत आल्या होत्या. आज तर कुकरात नुसतं वरण होतं. बट्टी करायला सवड नव्हती आणि नुसत्या वरणभातावर अक्काला वाढलं तर ते पुढच्या दहा लग्नांत सांगितलं गेलं असतं.

लताबाई स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावर परात दिसली. उपरणं उचललं. गोल, खरपूस, भट्टीतून आलेलं, गव्हाळ रंगाचं काहीतरी. खानदेशातल्या बाईला अशी वस्तू एकच ठाऊक असते. नवऱ्याला पाहुणे येणार हे कळलं असावं आणि त्याने इसाकभाईंकडून बट्ट्या भाजून आणल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माणसाने डोकं चालवलं म्हणायचं. त्यांनी भराभर ताटं मांडली, वरण उकळवलं, आणि बट्टीचं जे करतात तेच केलं. हातात घेतली आणि मुठीने कुस्करली.

न्हाणीघराच्या पत्र्याच्या दाराला एक भोक होतं. गावभरची भोकं बुजवणाऱ्या नानांना घरातलं हे एक बुजवायला कधी वेळ मिळाला नव्हता, आणि लताबाईंची त्यावरून रोज कटकट असे. आज नानांनी डोक्याला साबण लावलेला असताना 'कर्र' असा आवाज ऐकला आणि त्या भोकाला डोळा लावला. समोर स्वयंपाकघराचं उघडं दार होतं. दारातून लताबाई दिसत होत्या, आणि लताबाईंच्या मुठीत त्यांची पाई होती.

नानांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. पण लताबाईंना तो ऐकूच गेला नाही. त्यांच्या बोटांमधून लाल रस ओघळत होता. टमाटा. बंदी घातलेला टमाटा, कपटाने बट्टीत शिरून, पाहुण्यांच्या ताटात. त्यांनी दाराकडे बघितलं, म्हणजे त्या वाक्यासाठी दाराकडे निघणार हे नानांना कळलं. नानांनी भोकापासून डोळा काढला आणि पुढचं ऐकायला नको म्हणून डोक्यावर तांब्या ओतला.

पण काही ऐकू आलं नाही. नानांनी परत डोळा लावला. लताबाईंनी हाताला लागलेला रस जिभेने टिपला होता. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि दुसरं बोट चाटलं. मग तिसरं. मग तळहात. मग पदराने तोंड पुसून त्यांनी शांतपणे दुसरी पाई उचलली आणि तीही कुस्करली. वर तुपाची धार धरली आणि वरण ओतलं.

नाना कसेबसे धोतर गुंडाळून, कानामागे साबण तसाच ठेवून, पंगतीला येऊन बसले. कुणी सुरी मागितली नाही, कुणी तुकडा कापला नाही. सगळ्या कडा, सगळी ठिगळं, सगळी भोकं वरणात बुडाली होती. चुडामण भाऊंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा दुसरा घास आपोआपच तोंडात गेला. बेबाबाईंनी घास घेतला. चावला. आणि डोळे मिटून त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. थेट मोबाइलमधला. नानांच्या हातातला घास ताटात पडला.

"लता," बेबाबाई म्हणाल्या, "बट्टीमा काय टाकं व तू? आसी बट्टी मी जलममा नई खादी. कोन करी?"

नाना थांबले. आता येणार ते वाक्य. चांगल्या चवीचं असलं तरी हे ह्यांचंच काम, एवढं तरी बायको म्हणेल. त्यांनी हळूच मान ताठ केली.

लताबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. नानांकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मीच करी," त्या म्हणाल्या. "आखो कोन करी? घरना टमाटा शेतस."

पंगतीत बसलेल्या एका म्हाताऱ्याचं काळीज त्या क्षणी असं उसळलं की ते बाकीच्यांना कसं ऐकू गेलं नाही कोण जाणे. एखाद्याला राग आला असता, त्याने भांडण केलं असतं. पण नाना या बाईबरोबर जन्म काढून बसले होते. मधमाश्या तिने स्वतःच्या म्हटल्या नव्हत्या. अळंबी म्हटली नव्हती, पेटी म्हटली नव्हती. नवऱ्याचं कुठलंच काम या बाईने आजवर स्वतःच्या नावावर घेतलं नव्हतं. आज तिने दिवसाढवळ्या, सख्ख्या बहिणीसमोर ते चोरलं होतं. 'चांगलं झालं' याहून मोठं काय म्हणायचं असतं माणसाने?

पण बेबाबाई सोडतात होय? "सांग ना, कशी करी? पीठमा काय टाकं? टमाटा आतमा कसा राह्यना?"

लताबाई सांगणार काय? त्यांना काहीएक ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला, ताटं उचलायला घेतली आणि उठता उठता म्हणाल्या, "तुम्हीन सांगा त्यासले. मना हात खरकटा शेतस."

मग नानांनी सांगितलं. तूप गार करून चुरायचं, ती अशीच करते. टमाटे काड्यांवर भाजायचे, ती तसेच भाजते. तळाला शेव, हे तिचं डोकं. बेबाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड लताबाई त्यांच्याहून जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या, आणि प्रत्येक पायरीला आतून "हां" म्हणत होत्या. एकदा तर नाना लसूण विसरले तेव्हा आतून आवाज आला, "आनि लसून!" बोटं चाटतानाच तिला लसणाची चव लागली असणार हे नानांच्या ध्यानात आलं आणि हसू दाबताना त्यांना ठसका लागला.

परातीत एकच पाई अख्खी उरली होती. बेबाबाईंनी ती वाटेत खायला मागून घेतली, उलटसुलट केली आणि झाकणावर बोट ठेवलं. "आनि हाई भोक? हाई कसाले पाडं?"

लताबाई हात पुसत दाराशी आल्या. त्यांनी भोक बघितलं. मग नवऱ्याच्या कानामागचा सुकलेला साबण बघितला. दाराबाहेर रस्त्यावर माणसं जात होती, पण त्यांनी त्यांतल्या कुणाला थांबवलं नाही.

"भोक ना?" त्या नुसतंच म्हणाल्या. "हाई यासनं काम शे."

पाहुणे धुळ्याच्या गाडीत बसले. लताबाईंनी खुंटीवरची शिरपूरची पिशवी काढली, झटकली आणि नानांसमोर टाकली. "सकाय हाईमा टमाटा तोडी ठेवज्यात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मग आतून विचारलं, "आनि मनी पितळी थाळी कोठे गई हो?"